डावा पाय न लागणारी गाडी

३ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी आज खंडेराव गेटापाशी भर रस्त्यात गाडी अशी काही थांबवली की नचिकेतचं कपाळ काचेवर आपटता आपटता राहिलं आणि माझ्या मांडीवरचा बालुशाहीचा डबा उपडा झाला. मागून ई-रिक्षावाला ओरडला, 'का बाबूजी, सो गए का?' बाबा लालबुंद. 'क्लच दाबला मी!' नचिकेत हसून हसून बेजार — 'बाबा, हिला क्लचच नाही. तो ब्रेक होता!'

नचिकेत दोन वर्षांसाठी मस्कतला चालला आहे. पुण्याहून स्वतः गाडी चालवत आला, दिवाळी केली, सकाळी माझ्याकडून ओवाळून घेतलं, आणि गाडी आता इथे झाशीतच ठेवणार. 'विकायची नाही मला. बाबा चालवतील,' म्हणाला. बाबांनी तर उभा जन्म सिंचन खात्याची जीप माताटीला नावाच्या धरणाच्या वाटांवर पळवलेली. पण ही गाडी ऑटोमॅटिक. गिअर तिचे तीच बदलते. पायाशी पेडल दोनच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, आणि दोन्ही उजव्या पायाचे. बाबांचा डावा पाय मात्र क्लच शोधत फिरतो आणि सापडेल त्यावर धप्पकन पडतो. शेवटी डाव्या पायाची मांडी घालून बसले. दहा पावलं गेलो नसू — पाय सुटला, परत धप्प!

जेवताना चिडूनच होते. 'कसली मेली गाडी! डावा पाय असून नसून सारखाच!'

आईचा पोळी वाढणारा हात तसाच राहिला. नचिकेतनं माझ्याकडे पाहिलं. मग बाबांनीही पाहिलं.

डावा पाय असून नसून सारखाच — असला पाय या घरात एकच आहे. माझा!

४ नोव्हेंबर

नचिकेतची ट्रेन संध्याकाळची होती. दुपारी मला म्हणाला, 'ताई, चल, बस जरा.' मी सवयीनं पलीकडच्या दाराशी गेले. 'तिकडे नाही. इकडे.'

कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्या लावलेला पाय आत घेताना खटकन आवाज झाला. दीड वर्षाची असताना पोलिओनं हा पाय धरला, तेव्हापासून मी लोकांच्या गाडीत बसत आले आहे. कुणीतरी दार उघडतं, कुणीतरी 'सावकाश' म्हणतं, मी बसते. आज पाय डावीकडे टेकवून ठेवला आणि त्याला काही कामच नव्हतं. नुसता पाहुणा!

नचिकेत म्हणाला, 'ब्रेक दाब. दांडा D वर आण. आता ब्रेकवरचा पाय हळूच उचल.'

उचलला. आणि गाडी निघाली! मी काही न करता! आपली आपण, गोगलगाईसारखी, आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत.

आई धावत आली. पायांत चप्पल नव्हती. 'रुचि, उतर. आधी उतर.'

उतरले. पण मन अजून त्या सीटवरच आहे.

५ नोव्हेंबर

आई बोलत नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं आहे.

१३ नोव्हेंबर

लर्निंग लायसन्स आलं! डॉक्टरांनी पाय वाकवून, ताणून पाहिला आणि लिहून दिलं की ऑटोमॅटिक गाडी चालवायला हरकत नाही. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. साइडव्हीलच्या स्कूटीवरून इलाइट चौराह्याला पोचले, विम्याच्या क्लेमच्या फायली काढल्या, शहाण्यासारखी बसले. आतून मात्र उकळी फुटत होती.

आईला दाखवलं. तिनं फोटो पाहिला. 'केस नीट विंचरायचे होतेस,' एवढंच म्हणाली आणि आत गेली.

१७ नोव्हेंबर, रविवार

बायपासजवळ एक अर्धवट कॉलनी आहे. रस्ते झालेत, घरं नाहीत. बाबा आणि मी सकाळी तिथे. सरळ, वळण, मागे घेणं, दोन विटांच्या मधून काढणं — सगळं जमलं! बाबा शेजारी बसून जांभया देत होते.

'काय हो बाबा?'

'काही नाही. छान चालवतेस.' मग जरा वेळानं, 'पण हे चालवणं म्हणजे... पाळण्यात बसण्यासारखं आहे गं. गिअर बदलल्याशिवाय गाडी कळत नाही माणसाला.'

लागलं मला. दाखवलं नाही. हो, लागलं! मला जे मिळालं ते पाळणा, आणि बाकीच्यांचं ते चालवणं?

२४ नोव्हेंबर, रविवार

काय झालं आज! काय झालं! पहिल्यापासून लिहिते.

कॉलनीच्या शेवटी जरा उतार आहे. वळताना माझ्या ओढणीचं टोक दांड्यात अडकलं. सोडवायला गेले आणि दांडा D वरून माझ्या बाजूला सरकला. खट्. समोरच्या पडद्यावर D गेला आणि ३ आकडा उमटला. मी घाबरून दांडा मागे ओढला — तर ३ चा २ झाला आणि इंजिन असं गुरगुरलं की कॉलनीतली कबुतरं उडाली!

बाबा ताठ झाले. जांभई अर्धी राहिली. 'काय केलंस?'

'काही नाही! आपोआप झालं!'

'परत कर.'

थांबून दोघं दांड्यावर वाकलो. तिथे बारीक अक्षरांत M लिहिलंय, वर अधिकची खूण, खाली वजाची. इतके दिवस मी तिथे नजरही टाकली नव्हती. नचिकेतला फोन लावला. म्हणाला, 'हां, ते मॅन्युअल मोड आहे. हातानं गिअर बदलता येतात. मी कधी वापरलं नाही. कोण झंझट करणार?'

कोण झंझट करणार! बाबांनी फोन बंदच केला.

'क्लच नको?' मला विचारलं.

'क्लच नाहीच आहे ना, बाबा.'

'म्हणजे गिअर तू टाकायचा आणि क्लच ती सांभाळणार.' बाबांचा चेहरा — मी बाबांना नोकरीतून निवृत्त झाल्यापासून इतकं खुश पाहिलं नव्हतं. 'चल. पहिल्यावर घे. पडद्याकडे बघू नकोस. कान दे.'

निघाले. बाबांनी डोळे मिटले. इंजिन चढत गेलं, चढत गेलं — 'आता!' दांडा पुढे. दुसरा. सूर खाली उतरला, गाडी पुढे. 'थांब... थांब... आता!' तिसरा. उताराशी आलो. 'ब्रेक नको. वजा कर.' दांडा मागे. गाडी कुणी मागून पदर धरावा तशी सावरली! पाय ब्रेकवर नाही आणि गाडी हळू! मी किंचाळले. बाबाही किंचाळले. 'परत! परत!'

किती फेऱ्या मारल्या देव जाणे. परत येताना बाबा म्हणाले, 'लक्षात ठेव. इंजिन गुणगुणायला लागलं की वर. कण्हायला लागलं की खाली. बाकी सगळं पुस्तकी.'

आणि डावा हात! दांडा डाव्या हातानं चालतो. पायानं जे काम आजवर केलं नाही ते हात करतोय. तळवा अजून गरम आहे.

२७ नोव्हेंबर

ऑफिसात स्टेपलर मागेपुढे करत होते. कुशवाहाजी — आमचे शाखाप्रमुख — म्हणाले, 'रुचिराजी, स्टेपलर ख़राब है क्या?' नाही सर. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणत होते!

८ डिसेंबर

बाबा रोज सकाळी माझ्या आधी तयार. मफलर, कानटोपी — पण कान उघडे ठेवून! आज ओरछ्याच्या रस्त्यावर जाऊन आलो. थोडं धुकं. मी एकदा चुकून चौथ्यावरून एकदम दोनदा वजा केलं, तर पडद्यावर आकडा नुसता लुकलुकला, गिअर पडलाच नाही. बाबा खुश — 'बघ, मूर्ख नाही ती. इतक्या वेगात दुसरा घेत नाही. आधी वेग कमी कर, मग माग.'

आईनं परतल्यावर चहा दिला. दोघांना. माझ्या कपाला कान नव्हता, बशी वेगळ्याच सेटची. पण दिला.

२३ डिसेंबर

पास!!

इन्स्पेक्टर साहेब गाडीत बसले, माझ्या कॅलिपरकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. आठचा आकडा काढला, मागे घेतली, उभी केली. तरी समाधान नाही. 'मैडम, ये तो ख़ुद चलती है. गियर कहाँ बदला आपने? बदलकर दिखाइए.'

बाहेर उभे असलेले बाबा पुढे व्हायला लागले. मी हातानं थांबवलं. दांडा M वर घेतला. मैदानाची एक लांब फेरी — एक, दोन, तीन, परत दोन, परत एक, आणि बरोबर पांढऱ्या रेघेवर थांबले. पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही.

साहेब दांड्यावर वाकले. मग म्हणाले, 'इसमें ये भी होता है?' मग, 'मेरी वाइफ़ के पास भी यही गाड़ी है!'

बाबांनी बाहेर सगळ्यांना समोसे खाऊ घातले. ओळख ना पाळख!

५ जानेवारी, रविवार

आई माझ्या गाडीत बसत नाही. लायसन्स आलं तरी नाही. आज दतिया गेटला बाजारात जायचं होतं. 'चल, सोडते,' म्हटलं. 'नको, ई-रिक्षा आहे ना.' पिशवी घेऊन ई-रिक्षात बसली.

मलाही हट्ट चढला. निघाले तिच्या मागे! संबंध दतिया गेट पहिल्या गिअरमध्ये, ई-रिक्षाच्या पावलाशी पाऊल लावून. ती गाजरं घ्यायला थांबली, मी थांबले. ती मेथी बघायला उतरली, मी मागून बघत उभी. भाजीवाली म्हणाली, 'अम्मा, जे बिन्नू तुमाई है?' — म्हणजे, ही लेक तुमचीच का? आईनं मान वळवली नाही. पण परत निघताना मेथीची एक जुडी खिडकीतून माझ्या शेजारच्या सीटवर टाकली आणि परत ई-रिक्षात जाऊन बसली.

मेथीला बसवते. स्वतः बसत नाही!

२६ जानेवारी

आज सरळ विचारलं. 'आई, माझी भीती वाटते की गाडीची?'

भाकरी थापत होती. 'तू लहान होतीस तेव्हा उभी राहायचीस आणि पडायचीस. उभी राहायचीस आणि पडायचीस. मी हात पुढे करून बसलेली असायची, तुला धरायला. त्या गाडीत मी मागे बसणार. तिथून माझा हात कुठे पोचणार, रुचे?'



२ फेब्रुवारी

भानुमती आत्याचं सहस्रचंद्रदर्शन आहे पुढच्या शनिवारी. पन्न्याला. बाबांची सगळ्यांत मोठी बहीण. पन्न्याला रेल्वे नाही, बसनं गेलं तर हाडं खिळखिळी. बाबांनी जेवताना जाहीर केलं, 'रुचि चालवेल.'

आई म्हणाली, 'मग मी घरी राहते.'

संध्याकाळी आत्याचा फोन. तिला बाबांनीच सांगितलं असणार. पलीकडून आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता — 'सुनीता, तू नाही आलीस तर मी ओवाळूनच घेणार नाही. बसेन तशीच पाटावर.'

आईनं फोन ठेवला. मला म्हणाली, 'येते. पण तो दांडा हलवायचा नाही. बाजारात माझ्या मागून तो आवाज ऐकला मी. सरळ D वर ठेवायचा. शब्द दे.'

दिला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. पन्ना

पोचलो! मी! झाशीहून पन्न्यापर्यंत, मी चालवत! छतरपूरपर्यंत रस्ता म्हणजे नुसतं लोणी. आई मागच्या सीटवर मधोमध, दोन्ही हातांनी पुढच्या दोन्ही सीटा धरून. बमीठ्याला चहा घेतला तेव्हा तिची बोटं सरळ होईनात.

शब्द मात्र मोडला. केन ओलांडली आणि जंगलातला घाट लागला. समोर भरलेला ट्रक, चढ, आणि D मध्ये गाडीला काही सुचेना — तिसरा घेते, सोडते, परत घेते, दम जातो, मागचा ट्रक जवळ येतो. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, पण त्यांचा डावा हात मांडीवर वजाची खूण करत होता. मी दांडा ओढला. दुसरा. इंजिन गरजलं आणि गाडी कशी चढली! एका सुरात, वळणांमागून वळणं, सागाची वाळकी पानं दोन्ही बाजूंना उडवत. आयुष्यात असं काही... शब्द नाहीत.

आईनं कानांवर हात ठेवले होते. आत्याच्या दारात उतरताना म्हणाली, 'शब्द दिला होतास.' तेवढंच. आणि नंतर, आत्याच्या ओट्यापाशी, हळू आवाजात — 'परत जाताना तो आवाज झाला तर मी तिथेच उतरेन. जंगलात. सांगून ठेवते.'

८ फेब्रुवारी

आत्या पाटावर नवरीसारखी बसली होती. ऐंशी वर्षांची नवरी! आईनंच ओवाळलं. जेवणं उशिरापर्यंत. आत्यानं मला जवळ बोलावून विचारलं, 'तूच आणलीस गाडी?' हो म्हटलं. तिनं माझा डावा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला, जसा काही वेगळाच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार. घरी

नीट लिहायचं आहे. आधी कॅलिपर काढते, मग लिहिते.

— लिहिते.

दुपारी निघालो. बाबांनी पुरणपोळ्या अंमळ जास्तच खाल्लेल्या. पन्ना सुटायच्या आतच मान कलली, घोरायला लागले. मागे आई. आरशात तिचे डोळे दिसत होते. मी दांडा D वर ठेवला आणि हात त्याच्यापासून लांब, स्टीअरिंगवर. तिला दिसावा असा. आता शब्द मोडायचा नाही.

घाट उतरायला लागलो. D मध्ये गाडी उतारावर सुसाट सुटते. मी ब्रेक धरला. सोडला की परत सुटते, परत धरला. पुढे दगडांनी भरलेला ट्रक, त्याच्या मागे आम्ही. पाय जवळजवळ ब्रेकवरच. बाबांनी शंभरदा सांगितलं होतं, ज्या गिअरनं चढाल त्याच गिअरनं उतरा. माहीत होतं मला! पण आरशात ते डोळे.

मग वास आला. जळका, करपल्यासारखा. आई म्हणाली, 'काहीतरी जळतंय.' मला वाटलं ट्रकचा असेल. पुढचं वळण आलं, ब्रेक दाबला — पेडल मऊ. नेहमीपेक्षा खोल गेलं, आणि गाडी हवी तशी थांबेना. परत दाबला. आणखी खोल. ट्रकचं मागचं फळकूट मोठं मोठं व्हायला लागलं. त्यावर लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

'रुचे!' आई ओरडली. 'अहो, उठा!'

बाबा उठले नाहीत. विचार करायला वेळ नव्हताच. डावा हात आपणहून गेला. दांडा माझ्याकडे. ४. वजा — ३. इंजिन असं गर्जलं की बाबा दचकून जागे झाले आणि त्यांचा डावा पाय दाणकन खालच्या चटईवर आदळला! गाडीनं मान मागे घेतली. पण पुरेसं नाही. परत वजा — आकडा नुसता लुकलुकला. नाही घेतला. वेग जास्त होता. आधी वेग कमी कर, मग माग! ब्रेकमध्ये जो काही जीव उरला होता तो दाबला, वळणाच्या आतल्या बाजूनं घेतली, आणि परत मागितलं. २.

पडला!

काय तो आवाज! जंगल दणाणलं. आई मागून ओरडत होती, 'फुटेल गं, इंजिन फुटेल!' बाबांचा हात हँडब्रेककडे चालला होता. 'नको बाबा, धरलीये!' मी ओरडले. बाबांना मी पहिल्यांदा ओरडले असेन. त्यांनी हात मागे घेतला. कान दिला. मग अगदी शांतपणे म्हणाले, 'हां. धरलीये.'

ट्रक पुढे पुढे जायला लागला. फळकुटावरची अक्षरं लहान झाली. दोन वळणं तशीच, दुसऱ्या गिअरमध्ये, पायाला काम नाही. मग रस्त्याकडेला मोकळी जागा दिसली. पहिल्यावर घेतली, आत वळवली, थांबले.

पुढच्या चाकांतून धूर येत होता. उतरले. गाडीला टेकून उभी राहिले. बाबा चाकांपाशी वाकले, हात लावला नाही. 'ब्रेक तापलेत. तासभर हलायचं नाही.' मग माझ्याकडे बघून, 'D मध्ये का उतरत होतीस?'

मी मागच्या दाराकडे पाहिलं.

आई उतरली. 'मी सांगितलं होतं तिला,' म्हणाली. बाबांना. मग माझ्यापाशी आली. तिचा पदर डोक्यावरून खाली आला होता, तिला कळलंही नव्हतं. खूप वेळ चाकातला धूर बघत राहिली.

'तो आवाज... शेवटचा. तो कसला होता?'

'इंजिननं गाडी धरून ठेवली, आई. ब्रेक थकले होते. म्हणून मी गिअर खाली आणला, इंजिननं धरली.'

'म्हणजे ओरडत होतं ते धरून ठेवताना?'

'हो.'

आईनं मान हलवली. एकदा. दोनदा. आम्ही तिघं दगडावर बसून आत्यानं बांधून दिलेल्या करंज्या खाल्ल्या. समोर झाडावर वानरांचं खटलं बसलं होतं, ते आमच्याकडे आणि आम्ही त्यांच्याकडे. निघायची वेळ झाली. मी सीटवर बसले, पट्टा लावला. मागून आईचा हात आला, माझ्या खांद्यावर.

'आता ओरडू दे त्याला,' म्हणाली. 'मी आहे मागे.'

सगळा घाट दुसऱ्यात उतरलो. आईनं कान झाकले नाहीत.

१५ फेब्रुवारी

ब्रेक तपासून, तेल बदलून गाडी घरी. सगळं ठीक. मेकॅनिकनं विचारलं, 'घाट में कौन चला रहा था?' बाबांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं. छाती बघायला हवी होती त्यांची!

२८ फेब्रुवारी

आज एक केलं. कुशवाहाजींच्या खोलीत गेले. दौऱ्याची जागा रिकामी आहे — मऊरानीपूर, मोठ, तालबेहट. जाऊन नुकसान डोळ्यांनी बघायचं, क्लेम पास करायचे. कितीतरी वेळा ती जागा रिकामी झाली आणि भरली. माझं नाव कुणी घेतलं नाही. मीही नाही.

'सर, वो जगह मुझे दीजिए.'

त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. मग चटकन वर. 'आना-जाना बहुत है, रुचिराजी. गाँव के रास्ते हैं. कौन ले जाएगा आपको?'

'मैं.'

'आप?'

'जी. ख़ुद चलाऊँगी.'

'देखते हैं,' म्हणाले. पण हसले नाहीत. आणि जाताना स्वतः उठून दार उघडायला निघाले होते, मध्येच थांबले. मीच उघडलं.

११ मार्च

मिळाली!!! होळीनंतर पहिला दौरा. तालबेहट. बाबा नकाशा घेऊन बसलेत. ('इथे उतार आहे. इथे तिसरा. इथे म्हशी असतात.') नचिकेतनं मस्कतहून फोनवर शिट्टी वाजवली. आईनं शिरा केला. त्यात बेदाणे इतके की रवा शोधावा लागला.

१६ मार्च, रविवार

सकाळी किल्ली जागेवर नव्हती. बाहेर आले. बाबा मागच्या सीटवर, मधोमध, पुढच्या दोन्ही सीटा हातांनी धरून. आणि उजवीकडे स्टीअरिंगशी आई! पदर कमरेला खोचलेला, चष्मा पुसून लावलेला.

'उभी काय राहिलीस?' म्हणाली. 'बस इकडे. आणि ब्रेक कुठला ते आधी सांग.'